समालोचकाने राजकारण बोलावं का?

(सांगली येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय तुम्हीच सुचवलात आणि तो मला मनापासून हवा होता. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं प्रक्षेपण चालू असताना समालोचकाने राजकारणावर बोलावं का? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक लोक एका दमात देतात. कुणी म्हणतं, आम्ही खेळ बघायला बसलोय, तुमचं राजकारण तुमच्यापाशी ठेवा. कुणी म्हणतं, डोळ्यांदेखत अन्याय होत असताना धावा आणि गोल कसले मोजता? दोन्हीकडची माणसं प्रामाणिक असतात. मी आधी रेडिओवर आणि नंतर टीव्हीवर धावतं वर्णन करत आलो, त्यामुळे या दोन्ही आवाजांची पत्रं मला आलेली आहेत. माझं मत त्या कामातून बनलेलं आहे आणि ते मी आज आडपडदा न ठेवता सांगणार आहे.

4 फेब्रुवारी 2022. बीजिंगच्या ‘बर्ड्स नेस्ट’ स्टेडियममध्ये हिवाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं. भारताचा एकच खेळाडू त्या स्पर्धेला पात्र ठरला होता, काश्मीरमधल्या तंगमर्गचा आरिफ खान. स्कीइंग करणारा हा पोरगा गुलमर्गच्या उतारांवर शिकला. एकशेतीस-चाळीस कोटींच्या देशाचा एकमेव खेळाडू, म्हणून ध्वजही त्याच्याच हातात. तिरंगा घेऊन तो स्टेडियममध्ये आला, आणि दूरदर्शनच्या प्रेक्षकाला ते थेट दिसलं नाही. आदल्याच दिवशी प्रसार भारतीने जाहीर केलं होतं की डीडी स्पोर्ट्स उद्घाटन आणि समारोप दाखवणार नाही.

कारण तुम्हाला आठवत असेल. चीनने मशाल वाहण्याचा मान ची फाबाव या लष्करी अधिकाऱ्याला दिला होता. 15 जून 2020 ला गलवान खोऱ्यात जी झटापट झाली, त्यात आपले 20 जवान हुतात्मा झाले. हा अधिकारी त्याच झटापटीत जखमी झालेला. खेळाची मशाल अशा माणसाच्या हातात देणं हा उघड राजकीय संदेश होता आणि तो आपल्यासाठीच होता. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने आपला प्रतिनिधी समारंभाला पाठवायचा नाही असं ठरवलं. सरकारने हे करायलाच हवं होतं असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

पण वाहिनीने पडदा टाकला, ते मात्र मला पटलेलं नाही. समजा त्या संध्याकाळी डीडीवर एक चांगला हिंदी किंवा मराठी समालोचक बसला असता. भारताचं नाव पुकारल्यावर आपल्या वाट्याला पडद्यावर मोजके काही सेकंद येतात. तेवढ्यात तो म्हणू शकला असता: हा आरिफ खान, तंगमर्गचा, आपला एकमेव खेळाडू. मान्यवरांच्या रांगेत आज भारताचा प्रतिनिधी नाही, कारण परवा मशाल ज्याच्या हाती दिली तो गलवानच्या झटापटीतला अधिकारी आहे आणि त्या रात्री आपले 20 जवान गेले. तरीही हा मुलगा तिरंगा घेऊन चालतोय, कारण पात्रतेसाठी त्याने आयुष्याची उमेदीची वर्षं दिली आहेत. एवढं बोलायला अर्धं मिनिट पुरतं. गलवानही सांगून झालं असतं, आरिफही दिसला असता, आणि घरात टीव्हीसमोर बसलेल्या दहावीतल्या मुलीला एका वाक्यात कळलं असतं की आपला देश नाराज का आहे. त्याऐवजी तिला त्यातलं काहीच मिळालं नाही. पुढे जायंट स्लॅलममध्ये आरिफ पंचेचाळिसावा आला. स्लॅलममध्ये त्याची फेरी पूर्ण झाली नाही. हेही किती जणांना ठाऊक आहे?

आता त्याच वर्षाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. 20 नोव्हेंबर 2022, कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला. बीबीसीने आपल्या मुख्य वाहिनीवर उद्घाटनाचा समारंभ दाखवला नाही, तो इंटरनेटच्या वाहिनीकडे वळवला. मुख्य वाहिनीवर गॅरी लिनेकर यांनी प्रास्ताविक केलं: यजमानपद मिळवतानाचे भ्रष्टाचाराचे आरोप, स्टेडियम बांधणाऱ्या परदेशी मजुरांचे मृत्यू आणि हाल, समलैंगिक संबंधांना असलेली शिक्षा. त्यांनी मांडलेले मुद्दे खोटे नव्हते. जे लोक ‘हा खेळाचा कार्यक्रम आहे’ म्हणून चिडले, त्यांच्या बाजूने मी नाही. ती स्टेडियमं ज्यांनी उभारली त्यांचा उल्लेख त्या स्टेडियममधल्या पहिल्या सामन्याच्या आधी करायचा नाही, तर कधी करायचा?

माझी तक्रार वेगळी आहे. समारंभ दाखवून हे सगळं सांगता आलं असतं. त्या समारंभात घानिम अल मुफ्ताह हा कतारी तरुण मॉर्गन फ्रीमनच्या समोर बसून बोलला. जन्मतःच शरीराचा खालचा भाग नसलेला हा तरुण. यजमान देशाला जगापुढे काय ठेवावंसं वाटतं, तेही प्रेक्षकाने पाहायला हवं, आणि त्याच्या शेजारी मजुरांची गोष्टही ऐकायला हवी. मग तो आपलं आपण ठरवेल. शिवाय त्याच वर्षी फेब्रुवारीत बीजिंगचं उद्घाटन बीबीसीने दाखवलं होतं. शिनजियांगमधल्या उइगुरांवरच्या अत्याचारांबद्दल तेव्हा जगभर चर्चा होती. एका देशाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं असं दिसलं की प्रेक्षकाचा समालोचकाच्या हेतूवरचाच विश्वास उडतो. कतारमधल्या कित्येकांनी तेव्हा हाच प्रश्न विचारला.

दिल्ली आणि लंडन इथे एकमेकांपासून फार दूर नाहीत. एका वाहिनीने राष्ट्राच्या रागापोटी चित्र झाकलं, दुसरीने मानवी हक्कांच्या कळकळीपोटी बाजूला सारलं. दोन्हीकडे हेतू समजण्यासारखा होता, आणि दोन्हीकडे प्रेक्षकाच्या हातातून बघण्याचा हक्क गेला.

कतारची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या घरचंही बोलू. त्या मजुरांमध्ये नेपाळी, बांगलादेशी होते तसे भारतीयही होते. आखाताची वाट कोकणाला आणि गोव्याला नवी नाही. रत्नागिरीत, मडगावात विचारा, प्रत्येक वाडीत कुणी ना कुणी तिकडे राहून आलेला भेटेल. म्हणजे लिनेकर ज्या माणसांबद्दल बोलत होते ती लंडनपेक्षा आपल्याला जवळची. महिनाभर मी भारतीय भाषांतलं प्रक्षेपण लक्ष देऊन ऐकलं. मेस्सीबद्दल, एम्बाप्पेबद्दल सुंदर बोललं गेलं. त्या मजुरांबद्दल माझ्या कानांवर काही पडलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

मग बोलायचं कधी आणि किती? टीव्हीच्या कॉमेंट्री बॉक्समध्ये नवा माणूस आला की त्याला पहिला धडा मिळतो: मॉनिटर बघून बोल. समोर काचेतून मैदान दिसत असतं, डोळे साहजिकच तिकडे जातात. पण घरच्या प्रेक्षकाला मैदान दिसत नाही, त्याला मॉनिटरवरचंच चित्र दिसतं. तुम्ही सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाबद्दल बोलताय आणि पडद्यावर पॅव्हेलियनमधला कप्तान आहे, असं झालं की कानातल्या टॉकबॅकवर निर्मात्याचा आवाज येतो: चित्रावर या. हा धंद्याचा नियम आहे आणि मला वाटतं आजच्या प्रश्नाचं उत्तर याच नियमात आहे. पडद्यावर जे आहे ते सांगायचं, आणि पूर्ण सांगायचं. राजकारण चित्रात शिरलं असेल तर तेही. नसेल शिरलं, तर घरून आणून घालायचं नाही.

कुणी विचारेल, चित्रात राजकारण घालतं कोण? मंडळी, समालोचक तिथे पोचण्याआधीच ते घातलेलं असतं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकचं उदाहरण घ्या. टेलिव्हिजनवर दिसलेलं ते पहिलं ऑलिम्पिक. बर्लिनमध्ये खास टेलिव्हिजनच्या खोल्या उघडल्या होत्या, लोक रांगा लावून बघत होते. रेडिओचं जाळं जगभर पसरलेलं. कशासाठी? नाझी राजवट किती सुसंघटित, किती पाहुणचार करणारी आहे हे दाखवायला. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्या वेळी बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. ध्यानचंद यांच्या हॉकी संघाने 15 ऑगस्टला जर्मनीवर 8-1 असा विजय मिळवला. ज्यूंविरुद्धच्या पाट्या त्या काळापुरत्या रस्त्यांवरून हटवल्या होत्या. जे चित्रातून काढलं होतं ते सांगणारा आवाज तिथून हवा होता आणि तो नव्हता.

आजही मोठ्या स्पर्धेचं मूळ चित्र वाहिन्या काढत नाहीत. ऑलिम्पिकसाठी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2001 मध्ये स्वतःचीच प्रक्षेपण संस्था काढली. फुटबॉलमध्येही तीच तऱ्हा. जगभर एकच चित्र जातं आणि प्रत्येक देशाची वाहिनी त्यावर आपला आवाज चढवते. कॅमेरा कुठे वळवायचा हे स्पर्धेचा मालक ठरवतो. त्यातून काय होऊ शकतं याचा एक नमुना 2012 च्या युरो स्पर्धेत दिसला. खारकीव्हमध्ये जर्मनी-नेदरलँड्स सामना चालू होता. पडद्यावर दिसलं की जर्मनीचे प्रशिक्षक योआखिम लोव्ह हळूच एका बॉलबॉयच्या मागे गेले आणि त्याच्या काखेतला चेंडू खोडकरपणे उडवला. एवढ्या तणावाच्या सामन्यात हा माणूस किती निवांत, असं म्हणत जर्मनी हसली. नंतर कळलं की ते चित्र सामना सुरू होण्याआधीचं होतं, मध्येच घातलेलं. जर्मन वाहिन्यांनी युरोपीय फुटबॉल संघटनेकडे निषेध नोंदवला. गोष्ट एका चेंडूची, पण निषेध योग्यच होता. जो चेंडूची वेळ बदलू शकतो तो स्टँडमधला फलकही वगळू शकतो, हुर्यो झाली की आवाज कमी करू शकतो. अशा वेळी प्रेक्षकाच्या बाजूचा त्या जागी हजर असलेला एकच माणूस उरतो, माइकसमोरचा.

कतारच्या त्या विश्वचषकात, 21 नोव्हेंबरला, इंग्लंड-इराण सामन्याआधी राष्ट्रगीत वाजलं आणि इराणचे अकरा खेळाडू ओठ मिटून उभे राहिले. सप्टेंबरमध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलीस कोठडीनंतर मृत्यू झाला होता, इराण पेटलेला होता. त्या क्षणी समालोचकाने फक्त संघाची यादी वाचली असती तर प्रेक्षकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं झालं असतं.

आता मी तुम्हाला माझ्या धंद्यातल्या ज्या माणसाबद्दल सांगणार आहे, त्याचा सांगलीशीही थोडा संबंध आहे. जॉन आर्लट. साउदॅम्प्टनचा पोलीस, पुढे बीबीसीच्या पूर्वेकडच्या सेवेत साहित्यविषयक कार्यक्रमांचा निर्माता. 1946 मध्ये थोरल्या पतौडींचा भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात विजय मर्चंट होते, विनू मंकड होते, चंदू सरवटे होते, आणि याच सांगलीत जन्मलेले विजय हजारे होते. हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी पहिल्या सामन्यांचं वर्णन करायला आर्लटला सांगितलं गेलं. ते इकडे इतकं आवडलं की त्याला संपूर्ण दौऱ्यावर पाठवलं. त्याच दौऱ्यात ओव्हलवर सरे संघाविरुद्ध सरवटे आणि बॅनर्जी या दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या जोडीने 249 धावांची भागी केली. थोडक्यात, इंग्रजी क्रिकेट-वर्णनातला सर्वांत मोठा आवाज आधी आपल्यासाठी घडला, मग त्यांच्यासाठी.

हा माणूस 1948-49 च्या दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेला गेला आणि तिथलं वंशभेदाचं राज्य त्याने डोळ्यांनी पाहिलं. तिथल्या सरकारी फॉर्मवर वंशाच्या रकान्यात त्याने ‘मानव’ असं लिहिलं, ही हकीकत प्रसिद्ध आहे. 1950 मध्ये बीबीसीच्या एका चर्चेच्या कार्यक्रमात त्याने तिथल्या सरकारला नाझींच्या पंक्तीला बसवलं आणि त्या कार्यक्रमातून त्याला बराच काळ बाजूला ठेवलं गेलं. केपटाउनच्या बेसिल डॉलिव्हेरा या गौरेतर खेळाडूने त्याला पत्रं लिहिली. आर्लटने खटपट करून 1960 मध्ये त्याला लँकेशरमधल्या मिडल्टन क्लबात आणलं. डॉलिव्हेरा इंग्लंडकडून खेळू लागला. 1968 मध्ये ओव्हलला त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 158 केल्या, तरी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी त्याला आधी वगळलं, मग दुसऱ्याच्या जागी घेतलं, आणि तिथल्या पंतप्रधान फोर्स्टरने तो संघ नको म्हटल्यावर दौराच रद्द झाला.

यानंतरही 1970 मध्ये दक्षिण आफ्रिकेला इंग्लंडमध्ये बोलावण्याचा घाट घातला गेला. तेव्हा आर्लटने ‘गार्डियन’मध्ये लिहिलं की या दौऱ्याचं वर्णन मी करणार नाही. त्याच्या पोटापाण्याचा तो व्यवसाय होता. मे महिन्यात दौरा रद्द झाला.

मी आर्लटकडून जे शिकलो ते हे: चेंडू चालू असताना तो राजकारणाचं भाषण कधी करत नसे. त्याचं वर्णन क्रिकेटचंच असे, गवताचं, ढगांचं, फलंदाजाच्या खांद्यांचं. मत त्याने वर्तमानपत्रात मांडलं, चर्चेत मांडलं, स्वतःच्या नावाने मांडलं आणि त्याची किंमतही मोजली. पण आपल्या आवाजामुळे एखादी लाजिरवाणी गोष्ट नेहमीच्या उन्हाळ्यासारखी साधी वाटू लागेल असं दिसलं, तेव्हा त्याने आवाजच काढून घेतला. रेडिओच्या माणसाला हे फार चांगलं कळतं. रेडिओवर चित्र नसतं, आपणच चित्र असतो. ‘सुंदर सकाळ, मैदान भरलेलं’ असं आपण म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात ती सकाळ सुंदर होते.

आपल्याकडेही असा माणूस होऊन गेला. बॉबी तल्यारखान. 1934 च्या चौरंगी सामन्यांपासून मुंबईचं क्रिकेट त्याने रेडिओवरून घराघरांत नेलं, दिवसभर एकट्याने बोलून. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे धर्म-वंशावर संघ, 1937 पासून ‘इतर’ धरून पंचरंगी. ज्या स्पर्धेने त्याला नाव दिलं, त्याच स्पर्धेविरुद्ध त्याने पुढे लेखणी चालवली, धर्माच्या नावाने संघ पाडणं देशाला घातक आहे म्हणून. डिसेंबर 1940 मध्ये गांधीजींनीही वर्ध्याला भेटीस आलेल्या हिंदू जिमखान्याच्या मंडळींना आपला विरोध सांगितला. 1946 नंतर ते सामने बंद पडले. त्या काळच्या मुंबईत तल्यारखानला किती शिव्या खाव्या लागल्या असतील याची कल्पना करा. मराठीत ही परंपरा वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या क्रीडापानावर चालवली. खेळाच्या बातमीत खेळाच्या कारभाराची बातमी असलीच पाहिजे हे आमच्या पिढीने त्यांच्याकडूनच घेतलं.

वेस्ट इंडिजचा माजी गोलंदाज मायकेल होल्डिंग याच्याबद्दल बोललो नाही तर हा विषय अपुरा राहील. 8 जुलै 2020, साउदॅम्प्टन. कोरोनानंतरचा पहिला कसोटी सामना, इंग्लंड विरुद्ध वेस्ट इंडिज, रिकामं मैदान, वर पाऊस. मे महिन्यात अमेरिकेत पोलिसाच्या हातून कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला होता आणि वंशभेदाच्या निषेधार्थ दोन्ही संघ मैदानावर गुडघा टेकणार होते. स्काय वाहिनीने त्या रिकाम्या वेळात एबनी रेनफर्ड-ब्रेंट आणि होल्डिंग यांना बोलू दिलं. होल्डिंग घोषणा देत बसला नाही. तो शिक्षणाबद्दल बोलला: शाळेत एडिसन शिकवतात, पण दिव्यातली कार्बनची तार सुधारणारा कृष्णवर्णीय लुइस लॅटिमर का शिकवत नाहीत? इतिहास जिंकणाऱ्याने लिहिला की त्यात कोण राहतं आणि कोण गळतं? दुसऱ्या दिवशी मुलाखतीत आईवडिलांची गोष्ट सांगताना त्याचा बांध फुटला. वडिलांचा रंग फार काळा म्हणून आईच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, कारण धंद्याच्या नजरेने त्यात सगळं बरोबर आहे. विषय मैदानात आलेला होता, बाहेरून ओढून आणलेला नव्हता. पाऊस होता, त्यामुळे एकही चेंडू प्रेक्षकाकडून हिरावला गेला नाही. बोलणाऱ्याला बोलण्याचा अधिकार होता. 60 कसोटींत 249 बळी हा एक अधिकार, आणि 1983 मध्ये भरपूर पैसा समोर असताना दक्षिण आफ्रिकेच्या, बहिष्कार मोडणाऱ्या बंडखोर दौऱ्याला नकार देणं हा त्याहून मोठा. आणि तो माहिती देत होता. ऐकणाऱ्याला लॅटिमरचं नाव आयुष्यभरासाठी मिळालं. पाऊस थांबला, खेळ सुरू झाला, आणि तो पुन्हा चेंडूच्या टप्प्याबद्दल बोलू लागला.

आता उलटी उदाहरणं, थोडक्यात. टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला, 23 जुलै 2021 ला, दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीने प्रत्येक देशाबरोबर एक चित्र आणि ओळ टाकली. युक्रेन आला तेव्हा चेर्नोबिल. हैती आला तेव्हा दंगलीचं चित्र आणि नुकत्याच झालेल्या अध्यक्षांच्या हत्येचा उल्लेख. मार्शल बेटांसमोर अमेरिकेच्या अणुचाचण्या. खेळाडू हसत, हात हलवत चालले होते आणि पडद्यावर त्यांच्या देशाची सर्वांत मोठी जखम. वाहिनीला माफी मागावी लागली. त्याआधी 2018 मध्ये, प्याँगचांगच्या उद्घाटनात, अमेरिकेच्या एनबीसीवरच्या तज्ज्ञाने सांगितलं की कोरियाच्या प्रगतीला जपानचा आदर्श उपयोगी पडला. 1910 ते 1945 जपानच्या टाचेखाली काढलेल्या लोकांना हे ऐकवलं गेलं, तेही त्यांच्याच घरच्या समारंभात. संताप उसळला, वाहिनीने माफी मागितली, तज्ज्ञ पुढच्या प्रक्षेपणात दिसला नाही. दोन्हीकडे दोष राजकारण बोलण्याचा नव्हता. दोन्हीकडे अभ्यास नव्हता आणि ज्यांच्याबद्दल बोलतोय ती माणसं ऐकत आहेत याचं भान नव्हतं. एका देशाला एका ओळीत बसवायची घाई झाली की असंच होतं.

परक्यांबद्दल बोलणं तसं सोपं असतं. कतारबद्दल लंडनमधून, चीनबद्दल न्यूयॉर्कमधून, पाकिस्तानबद्दल मुंबईतून. खरी कसोटी आपल्या देशाचा, आपल्या मंडळाचा, आपल्या मालकाचा विषय निघतो तेव्हा लागते. 2013 मध्ये इयान चॅपेलने भारतातल्या मालिकेचं समालोचन नाकारलं, कारण संघनिवड, पंचांच्या निर्णयांची फेरतपासणी आणि क्रिकेटचा कारभार यांवर बोलायची मुभा नव्हती. ज्या करारात निवड समितीबद्दल बोलता येत नाही, त्या करारात बसून कुणी मानवी हक्कांबद्दल काय बोलणार? मलाही एकदा सामना चालू असताना चिठ्ठी आली होती. प्रेक्षकांच्या एका गटाने फलक उघडला होता, आणि चिठ्ठीत लिहिलं होतं की तिकडे लक्ष देऊ नये. कागदाचा चतकोर तुकडा, त्यावर सही नाही. बॉक्समधल्या आम्हा सगळ्यांना ती दिसली आणि कुणीच काही बोललं नाही. हे असंच चालतं, आणि म्हणून प्रेक्षकाला वाटत राहतं की खेळ स्वच्छ आहे आणि राजकारण अधूनमधून कुणीतरी वाकडा माणूस आणतो.

सप्टेंबर 2025 मधला आशिया चषकाचा अंतिम सामना आठवा. दुबई, भारत-पाकिस्तान. आपण जिंकलो. मग बक्षीस समारंभ लांबत गेला आणि आपल्या संघाने मोहसिन नक्वी यांच्या हातून करंडक घेतला नाही. घरोघरी लोक एकमेकांना विचारत होते, काय चाललंय? अशा वेळी समालोचकाने काय सांगायचं? सांगायचं की नक्वी आशियाई क्रिकेटचे प्रमुख आहेत, पाकिस्तान मंडळाचे अध्यक्ष आहेत आणि त्या देशाचे गृहमंत्रीही आहेत. 22 एप्रिलला पहलगाममध्ये 26 माणसं मारली गेली, त्यात सहा महाराष्ट्राची. हे सांगायला कुणाचीच हरकत नसेल. पण त्याच दमात हेही सांगायचं की मृतांच्या काही नातेवाइकांनी पाकिस्तानशी खेळूच नका म्हटलं होतं, तरी हा सामना खेळवला गेला, आणि त्याच्या जाहिरातींचा पैसा ज्या वाहिनीवर मी बोलतोय तिलाही मिळतो. हे दुसरं वाक्य बोलणाऱ्या समालोचकाची मी वाट बघतोय. पहिलं वाक्य बोलण्याचा त्याचा हक्क मला तेव्हाच खरा वाटेल.

हा हक्क त्याला कोण देतं? आपल्या देशात याचं उत्तर लेखी आहे आणि ते क्रिकेटमधूनच आलं. 1993 चा हीरो कप. ईडन गार्डन्सवर कुंबळेने 12 धावांत 6 बळी घेतले तो. त्या स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. दूरदर्शनखेरीज दुसऱ्या कुणाला चित्र पाठवू द्यायचं की नाही, हा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 ला निकाल दिला. निकालपत्र लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती लोकांच्या भल्यासाठी वापरली पाहिजे, त्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि पैसेवाल्यांचीही नको, असा त्याचा आशय. मला वाटतं प्रत्येक समालोचकाने तो निकाल एकदा वाचावा. ज्या लहरींवरून आपला आवाज जातो, त्या आपल्याला चिठ्ठी पाठवणाऱ्याच्या नाहीत.

2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. 2036 च्या ऑलिम्पिकसाठीही आपण हात वर केला आहे. तेव्हा जगभरातले समालोचक इथे येतील आणि आपल्याबद्दल बोलतील. याची चव आपण 2010 मध्ये दिल्लीत घेतली आहे. स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला तेव्हा बाहेरच्यांनी लिहिलं ते खरं होतं आणि आपल्याला ते ऐकावं लागलं. त्याच सुमारास न्यूझीलंडच्या एका सकाळच्या कार्यक्रमात निवेदकाने दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री शीला दीक्षित यांच्या नावाची टर उडवली. तो हलकटपणा होता, अशाच शेरेबाजीपायी त्याला पद सोडावं लागलं. आणि उद्घाटनाच्या रात्री, 3 ऑक्टोबरला, आयोजन समितीचे अध्यक्ष सुरेश कलमाडी भाषणाला उभे राहिले तेव्हा आपल्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुण्याचा माणूस, आपल्यातला. ती हुर्यो का झाली हे त्या क्षणी आपल्या भाषेत शांतपणे सांगणं, हे आपल्याच समालोचकाचं काम होतं.

2030 मध्ये मराठीतूनही समालोचन असेल, माइकसमोर कदाचित याच जिल्ह्यातला कुणी असेल. त्याच्याकडे त्या वेळी अभ्यासाची फाइल हवी, शेजारी वृत्तविभागाचा एक माणूस हवा, आणि मुख्य म्हणजे करारात एक कलम हवं: मैदानात, स्टँडमध्ये किंवा व्यासपीठावर जे घडेल ते सांगितल्याबद्दल समालोचकाला काढता येणार नाही. प्रसार भारतीने हे कलम आधी घालावं, कारण ती लोकांच्या पैशावर चालते. खासगी वाहिन्यांकडून ते प्रेक्षकांनी मागावं. तुमच्यापैकी जे वकील आहेत, जे आमदार-खासदारांना भेटतात, जे पत्रं लिहितात, त्यांनी ते आत्तापासून मागायला लागा. करार आधीच लिहिले जातात, स्पर्धेच्या आदल्या रात्री नाही.